कर्णिकांना हो म्हणू नये

आपलं म्हणणं कुणी मान्य केलं की कुणालाही बरं वाटतं. प्रभाकर कर्णिकांना राग येतो. "कर्णिक, तुमचं अगदी बरोबर आहे," असं त्यांना एकदा म्हणून बघा. त्यांचे कान लाल होतील. ते चष्मा काढतील, पुसतील, परत चढवतील आणि म्हणतील, "काय बरोबर आहे? मी काय म्हणालो ते तरी कळलं का तुम्हाला?" आणि मग तुम्ही त्यांच्याशी सहमत का होऊ शकत नाही, हे कॉफी गार होईपर्यंत तुम्हाला समजावून देतील.

ही वल्ली माझ्यापासून दोन घरं सोडून राहते. गाव लंडन, पण राजाराणीचं नव्हे, ऑन्टारिओतलं. इथे आमचा जन्म गेला तरी नागपूरची माझी मावसबहीण अजून विचारते, तुमच्या खिडकीतून ते मोठं घड्याळ दिसतं का गं. माझ्या खिडकीतून कर्णिकांचा ड्राइव्हवे दिसतो. त्याचं पुढे येईलच.

कर्णिक पंचाहत्तरी ओलांडलेले, उंच, किडकिडीत. सगळी नोकरी शहराच्या पाणीखात्यात गेली, जमिनीखालच्या पाइपांची गळती शोधण्यात. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत. गळणाऱ्या, आणि लवकरच गळणार असलेल्या. मंडळाच्या गणपतीत सगळे आरतीला उभे असतात तेव्हा यांची नजर हॉलच्या सिलिंगवरच्या डागावर. आमच्या आंबेडकर जयंतीला ते न चुकता येतात, भाषणं मन लावून ऐकतात, आणि जेवणाच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "बेसमेंटमध्ये ओल आहे ह्या इमारतीच्या. लिहून ठेवा."

पण सगळ्यात मोठी गळती म्हणजे आमच्या बेसबॉल टीमचा डिफेन्स.

बेसबॉल म्हटल्यावर पुष्कळ मराठी माणसं पान उलटतात हे मला माहीत आहे. उलटू नका. तुम्हाला एवढंच कळलं तरी पुरे की दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे एक चपळ माणूस उभा असतो, त्याला शॉर्टस्टॉप म्हणतात, आणि जमिनीवरून सुसाट येणारा बॉल अडवणं हे त्याचं काम. तो बॉल त्याच्या पायांतून निसटला की आमच्या रस्त्यावर फावडं आपटतं.

कारण असं की मार्चमध्ये टीम असते फ्लोरिडाच्या उन्हात, स्प्रिंग ट्रेनिंगला, आणि आम्ही असतो गुडघाभर बर्फात. तिकडे सरावाचे सामने खेळतात, त्यांतून कुणाला टीममध्ये ठेवायचं आणि कुणाला घरी पाठवायचं ते ठरतं. कर्णिक खिशात रेडिओ ठेवून ड्राइव्हवे शोव्हल करतात. मी स्वयंपाकघरातून बघते. बर्फ एका बाजूला नीट रचला जात असेल तर आपण पुढे आहोत. त्याच त्या ढिगात फावडं खुपसणं चालू असेल तर थर्ड बेसवरून बॉल गेला.

आता हे सामने धरलेच जात नाहीत. हरलात काय, जिंकलात काय, सीझनच्या हिशेबात शून्य. त्यांची मुलगी देशाच्या दुसऱ्या टोकाच्या सरेहून दर रविवारी फोन करते, तीही सांगते, "बाबा, इट डझन्ट काउंट." कर्णिक म्हणतात, "साखरपुड्यातच ताटं फेकतायत, आणि म्हणे लग्नात बघू."

खेळाडूंना त्यांनी आपली नावं ठेवलेली आहेत. थर्ड बेसवाला 'चाळणी'. फर्स्ट बेसवाला 'जमीनदार', कारण आपल्या जागेवरून हलत नाही. कॅचर, म्हणजे बॅटिंग करणाऱ्याच्या मागे बसून बॉल झेलणारा, तो 'पोस्टमन', कारण त्याचा थ्रो पोचतो, पण पळणारा पोचल्यावर. यंदाचा शॉर्टस्टॉप नवीन, कोवळा पोरगा आहे, त्याला अजून नाव मिळालेलं नाही. "नाव ठेवण्याइतका टिकू दे आधी," असं कर्णिक म्हणतात. आणि प्रत्येक चर्चेचा शेवट एकच. "संपलं. गुंडाळा."

ही चर्चा दर शनिवारी सकाळी कोपऱ्यावरच्या डोनटच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलावर चालते. डॉक्टर पेठे असतात, दातांचे, निवृत्त. सोनवणे असतात, विमा कंपनीत होते आणि अजूनही प्रत्येक वाक्याच्या आधी "तसं बघायला गेलं तर" म्हणतात. आणि मी. कर्णिक टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून मैदान तयार करतात. शॉर्टस्टॉपच्या जागी साखर चालत नाही, तिथे क्रीमची छोटी डबी लागते. मग त्या पुड्यांमधून बॉल कुठून कुठून गळू शकतो ते चमच्यानं दाखवतात.

मला या टेबलावर आणलं कुंदाताईंनी. कुंदाताई म्हणजे कर्णिकांच्या पत्नी, तेव्हा दर शनिवारी त्याही या टेबलावर असायच्या.

खरं तर बेसबॉल त्यांचा. त्या इथल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स होत्या. ऑपरेशन झालेला एखादा म्हातारा शुद्धीवर आला की पहिल्यांदा स्कोर विचारायचा आणि मग आपली किडनी आहे की गेली ते. रुग्णाला सांगता यावा म्हणून कुंदाताई स्कोर लक्षात ठेवायला लागल्या, आणि मग त्यांना तो विसरता येईना. कर्णिक तेव्हा क्रिकेटचे होते. ते बेसबॉल बघायला लागले ते केवळ बायकोला तिची टीम किती वाईट आहे हे पुराव्यानिशी सांगता यावं म्हणून.

त्या घरात कामाची वाटणी पक्की होती. निराशा कर्णिकांकडे, आशा कुंदाताईंकडे. कर्णिक म्हणणार, "संपलं. गुंडाळा." कुंदाताई आधी हसणार, मग म्हणणार, "थांबा हो. यंदा बघाच." आणि क्रीमची डबी बोटानं जराशी डावीकडे सरकवून विचारणार, "हा इथे उभा राहिला तर जातो का बॉल?" मग कर्णिक ती डबी परत जागेवर आणणार. मग त्या पुन्हा सरकवणार. पेठ्यांना एकदा वाटलं हे दोघं खरंच भांडतायत, त्यांनी मधे पडून समजूत घालायचा प्रयत्न केला. दोघांनी मिळून त्यांनाच झापलं.

गेल्या ऑक्टोबरात कुंदाताईंना स्ट्रोक झाला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. एक शब्दसुद्धा राहिला नाही. त्यांना आपलं बोलणं किती कळतं हे कुणाला धड सांगता येत नाही. बोलणं परत येईलही, येणारही नाही, असं डॉक्टर म्हणाले. असं वाक्य बोलायला एवढं शिकावं कशाला लागतं, असं कर्णिक म्हणाले, आणि त्यापुढे त्या विषयावर आमच्याशी बोलले नाहीत. जानेवारीत कुंदाताईंना लाँग-टर्म केअर होममध्ये हलवावं लागलं. कर्णिक रोज दुपारी बसने तिकडे जातात.

आणि इथे आम्ही आपल्या लोकांचं नेहमीचं काम केलं. माणूस दुःखात असला की आपण त्याला डबे पाठवतो आणि त्याच्याशी वाद घालणं बंद करतो. पेठ्यांनी कर्णिकांना वगळून एक व्हॉट्सॅप ग्रुप काढला. सूचना अशी की बिचाऱ्याला आता कुणी विरोध करू नये, जे म्हणेल त्याला हो म्हणावं. सोनवण्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. मी वर केलेल्या अंगठ्याचं चित्र पाठवलं.

मार्चमधल्या एका शनिवारी कर्णिक आले, कोट काढला, पुड्या मांडल्या. म्हणाले, हा नवा शॉर्टस्टॉप कुचकामी आहे. पेठे म्हणाले, अगदी बरोबर. याच पेठ्यांनी मागच्या वर्षी एका कॅचरवरून कर्णिकांशी तीन शनिवार अबोला धरला होता. कर्णिकांनी त्यांच्याकडे जरा संशयानं बघितलं. म्हणाले, मग ह्याला विकून टाकावं. सोनवणे म्हणाले, तसं बघायला गेलं तर विकावाच.

"विकून आणणार कुणाला?"

"तुम्ही म्हणाल त्याला," पेठे म्हणाले.

कर्णिकांचे कान लाल झाले. त्यांनी बाजू बदलली. म्हणाले, पोरगा तसा वाईट नाही, पाय हलके आहेत. पेठे म्हणाले, पाय तर फारच हलके आहेत. कर्णिक म्हणाले, पण हात जड आहेत. सोनवणे म्हणाले, हातांचंच तर दुखणं आहे. मग कर्णिक माझ्याकडे वळले. मी कधी भिडेखातर हो म्हणत नाही अशी माझी ख्याती आहे. मी डोनटकडे बघत मान डोलावली.

त्यांनी सगळ्या पुड्या एका हाताने गोळा करून कपात कोंबल्या, कोट चढवला आणि चालू पडले. टोपी टेबलावरच राहिली.

बाहेर ओला, जड बर्फ पडत होता. टोपी घेऊन मी मागे गेले तर बसस्टॉपवर उभे होते, डोक्यावर बर्फ साचत होता, झटकायचीही शुद्ध नव्हती. मला राग आला होता. म्हटलं, तुमच्या बाजूनं बोलायचं तरी तुम्हाला त्रास, काय करायचं माणसानं?

कर्णिक बसच्या दिशेनं बघत होते. मग म्हणाले, "रेखाताई, मी रोज तिला जाऊन सांगतो, तुझी टीम संपली. इतक्या वर्षांत हे वाक्य हिनं एकदाही तसंच सोडलेलं नाही. हिचं गॉलब्लॅडरचं ऑपरेशन झालं, भूल पुरती उतरलीही नव्हती, तेव्हासुद्धा म्हणाली होती, थांबा हो. म्हणून मी रोज जाऊन वाईट बोलतो. रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त. शब्द यायचेच असतील तर त्याच रागानं येतील."

"मग?"

"मग काय. खिडकीबाहेर बघते." त्यांनी टोपी घातली. "आणि इकडे येतो तर तुम्ही तिघं नंदीबैलासारखे उभे. मला नाही म्हणणारं एकच माणूस होतं हो."

बस आली. ते चढले. मीही चढले. घरी भाजी चिरून ठेवली होती, ती तशीच राहिली.

कुंदाताईंची खोली स्वच्छ आहे, ऊब आहे, खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो. त्या खुर्चीत बसल्या होत्या. कुणीतरी त्यांचे केस अगदी वेगळ्याच बाजूला भांग पाडून विंचरले होते. कर्णिकांनी खिशातून कंगवा काढला, भांग बरोबर केला, आणि मग "काय म्हणतेस" म्हणाले. मी कुंदाताईंचा हात हातात घेतला. हात ऊबदार होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग मान खिडकीकडे वळवली.

दुपारी सामना सुरू झाला. कर्णिकांनी टॅबलेट पाण्याच्या जगला टेकवून उभा केला. जेवणाच्या ट्रेवर ब्रेकफास्टचे उरलेले जॅमचे छोटे डबे होते, ते त्यांनी मैदानासारखे मांडले. चाळणी मार्मालेड, जमीनदार पीनट बटर. शॉर्टस्टॉपच्या जागी स्ट्रॉबेरी. आणि त्यांनी सुरुवात केली. मी त्यांना पुष्कळ वर्षं ओळखते, पण एवढं वाईट बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ही टीम विकून त्या पैशांत पाइप बदला म्हणाले. ह्यांना फ्लोरिडाहून परत आणायचा खर्च कशाला करता म्हणाले.

तेवढ्यात तिकडे एक साधा बॉल आला, अगदी सरळ, आणि त्या कोवळ्या पोराच्या हातमोज्याखालून निघून गेला. कर्णिक पुढे वाकले.

"बघितलंस? संपलं. गुंडाळा."

आणि थांबले. एक माणूस आधी हसेल आणि मग चार शब्द बोलेल, त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढे थांबले. ती रिकामी जागा मी ओळखली. किती शनिवार ती भरलेली ऐकली होती. खोलीत फक्त हीटरचा आवाज होता. त्यांनी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, जरा मोठ्यानं, आणि पुन्हा थांबले.

कुंदाताईंचा डावा हात मांडीवरून उचलला गेला. हळूहळू ट्रेपर्यंत आला. बोटं मार्मालेडवरून गेली, तिथे थांबली नाहीत, आणि नेमकी स्ट्रॉबेरीवर टेकली. कर्णिकांनी माझं मनगट धरलं. मला ते अजून दुखल्यासारखं वाटतं.  डबी डावीकडे सरकणार, हे मला दिसतच होतं.

कुंदाताईंनी डबी उचलली आणि नवऱ्यापुढे धरली. झाकणाची बाजू वर, उघडून मागावी तशी. त्यांना जॅम हवा होता.

कर्णिक बघत राहिले. मग त्यांनी डबी घेतली, झाकणाचा कोपरा नखाने सोडवला, चमचा घेतला, आणि थोडा थोडा जॅम त्यांना भरवला. हनुवटीवर ओघळलेला थेंब स्वतःच्या रुमालाने पुसला. 

"शॉर्टस्टॉप खाल्ला हिनं," मग मला म्हणाले. हसायला गेले, ते जमलं नाही. "संपलं, रेखाताई."

हे टीमबद्दल नव्हतं. पुढचा 'गुंडाळा' त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि तो निघाला नाही म्हणून मला भीती वाटली. मला रडूही आलं होतं आणि कुणावर तरी प्रचंड चिडावंसंही वाटत होतं. दुसरं काही सुचेना.

"थांबा हो," मी म्हटलं. "काय संपलं? शॉर्टस्टॉप गेला तर चाळणीला तिथे उभा करा. जमीनदाराला द्या थर्ड बेस. यंदा बघाच."

बेसबॉल कळणाऱ्या कुणालाही विचारा, याहून मूर्खपणाची सूचना करता येत नाही. कर्णिकांनी माझ्याकडे बघितलं. कान आधी गुलाबी झाले, मग लाल.

"चाळणी? शॉर्टस्टॉपला?" ते म्हणाले. "आणि जमीनदार थर्डला? अहो तो वॉशरूमला जायला सबस्टिट्यूट मागतो."

मी म्हटलं, वजन कमी केलंय त्यानं. ते म्हणाले, कुणी सांगितलं तुम्हाला. मी म्हटलं, डिफेन्स म्हणजे सगळं नाही, बॅटिंग आहे आपली. मग मात्र त्यांचा आवाज चढला. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा मी तो आवाज ऐकत होते. टाकी कितीही भरा, खाली भोक असेल तर काय उपयोग, असं म्हणून त्यांनी पीनट बटर आपटलं. दारातून एका नर्सनं डोकावून ओठांवर बोट ठेवलं. मी बॅटिंगची बाजू सोडून बॉल टाकणाऱ्यांवर, पिचिंगवर गेले, ते माझ्यामागे तिकडे आले. बोलत होते माझ्याशी, पण बघत होते कुंदाताईंकडे, आणि प्रत्येक वाक्यानंतर जरासे थांबत होते.

कुंदाताईंनी मान खिडकीकडून वळवली होती. ओठाला जॅम लागलेला होता. त्या कर्णिकांच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. ओळखून बघत होत्या की नुसता आवाज वाढला म्हणून, ते मी सांगू शकत नाही. त्या हसल्या नाहीत. बोलल्या तर नाहीतच.

सामना आम्ही हरलो. तो धरला जात नाही.

निघताना मी कोट घालत होते. कर्णिक ट्रेजवळ उभे राहून दुसरी स्ट्रॉबेरीची डबी शोधत होते. ती सापडली, त्यांनी ती शॉर्टस्टॉपच्या जागी ठेवली.

"उद्या कॅचरचं बघू," पाठ न वळवता म्हणाले. "येणार असाल तर. पण तयारी करून या, आज फारच कच्चं बोललात." मग ट्रे सरळ केला. "आणि ती बोलायच्या आधी हसायची. तेवढं विसरलात तुम्ही."

मी हो म्हणणार होते. ऐन वेळी सावध झाले.

"नाही हसणार," मी म्हटलं. "मी माझ्या पद्धतीनं बोलेन. आणि पोस्टमनचा थ्रो काही एवढा वाईट नाही."

कर्णिकांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. मी खालच्या मजल्यावर उतरून बूट चढवले, बाहेर येऊन बससाठी सुटे पैसे काढले, तरी वर खिडकीत ते तसेच उभे होते, चष्मा पुसत.